कपाटावरच्या महालक्ष्म्या

आंबा काढता आला म्हणजे माणूसही काढता येतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. दोन्हींना गोलाई असते, दोन्हींवर एका बाजूनं उजेड पडतो आणि दुसऱ्या बाजूला सावली. मग अडचण कुठं येते? अडचण नाकाशी येते. आंब्याला फार तर चोच असते, आणि ती कुठंही वळली तरी आंबा तक्रार करत नाही.

हे मला हिंगोलीतल्या एका शाळेत, भर वर्गात, मोहतमीम साहेबांसमोर कळलं. मोहतमीम म्हणजे निजामाच्या शाळाखात्याचे तपासनीस. मी त्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, पण कच्चा. कच्चा म्हणजे नोकरीनं कच्चा. कलेनं मी स्वतःला पक्काच समजत होतो. साहेबांनी माझे आंबे पाहिले, लोटे पाहिले, एक पपई पाहिली आणि म्हणाले, "हौ, फल-तरकारी अच्छी है. अब ये हेडमास्टर साहब खडे हैं, इनका चेहरा बनाओ." मी खडू घेतला आणि काळ्या फळ्यावर आमच्या काझीसाहेबांचा चेहरा काढला. साहेबांनी वर्गाला विचारलं, हे कोण? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "टांग्याचा घोडा!"

काझीसाहेब सज्जन माणूस. पण पुढे बरेच दिवस ते माझ्यासमोर बाजू करून उभं राहायचं टाळत होते. मोहतमीम साहेब काठी टेकत जाताना एवढंच म्हणाले, "मास्टर, शबीह नहीं आती तुमकू. अगले साल फिर देखेंगे. आई तो मुस्तकिल, नहीं तो ड्रॉइंग बंद." शबीह म्हणजे हुबेहूब चेहरा. मुस्तकिल म्हणजे पक्का. ड्रॉइंग बंद म्हणजे मी बंद.

घरी येऊन मी हे सगळं द्वारकाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगितलं. नवऱ्यावर असा प्रसंग आला की बायकोच्या डोळ्यांत पाणी येतं असं मी ऐकून होतो. तिच्या डोळ्यांत आलं खरं, पण ते हसून हसून आलं.

"घोडा तरी वळखू आला की," ती म्हणाली. "मागं तुमी माझ्या मायचं चित्र काढलं व्हतं, ते तर आळीतल्या लेकरांनी हंडा म्हणून पाण्याच्या कोपऱ्यात नेऊन ठुलं."

असा अपमान सहन करून गप्प बसणारे कलावंत असतात. मी त्यातला नव्हे. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की वर्षभरात मी चेहरा काढीन, आणि तो तिचाच काढीन.

आता काढायचा कशावर? जर्मनीशी लढाई ऐन भरात होती. चांगला कागद बाजारातून उठला होता, कॅनव्हासचं तर नाव काढायची सोय नव्हती. पण नेमकं त्याच दिवसांत सटवाजी सुतारानं आमचं नवं कपाट आणून दिलं. सागवानी, माणसाहून उंच, दोन दारांचं. आत वर एकच फळी, खाली गाद्या-गोधड्यांना मोकळी जागा. आमचं घर दोन खोल्यांचं. पुढं बैठक, मागं सैपाकघर आणि मधे दोन दारं. त्यातलं एक दार बिनकामाचं होतं, त्याच्या चौकटीत हे कपाट बरोबर बसलं. तोंड बैठकीकडं, पाठ चुलीकडं. कपाटाची ती कोरी दारं पाहिली आणि माझा हात शिवशिवायला लागला.

"कपाट माझं हाय," द्वारकाबाईनं बजावलं. "त्याचा घोडा झाला तर मी वसमतला निघून जाईन, सांगून ठिवते."

वसमतला तिची थोरली जाऊ. आणि ही धमकी पोकळ होती, कारण वसमतला जाणं तिच्या अगदी जिवावर यायचं. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या, म्हणजे त्यांचे पितळी मुखवटे, थोरल्या जाऊबाईंकडं. दरसाल भाद्रपदात द्वारकाबाईनं तिथं जायचं, तीन दिवस पुरण वाटायचं, सोळा भाज्या चिरायच्या, आणि महालक्ष्म्यांना साडी नेसवायची वेळ आली की जाऊबाईंनी म्हणायचं, "सर बाजूला, तुला न्हाई जमायचं." आपल्या घरी आपल्या महालक्ष्म्या उभ्या राहाव्यात, एवढी एकच इच्छा तिनं माझ्याजवळ बोलून दाखवली होती. ती पुरी करणं माझ्या हातात नव्हतं.

मी रंगाच्या मागं लागलो. दुकानदार म्हणाला, तांबडा रंग हवा तर अमीन साहेबांची परवानगी आणा. त्या दिवसांत भिंतींवर रातोरात निजामाविरुद्ध काय काय लिहिलेलं दिसायचं, त्यामुळं तांबडा रंग मागणारा प्रत्येक माणूस पोलिसांना संशयित वाटे. मी अमीन साहेबांपुढं उभा राहिलो.

"लाल रंग? क्या लिखना है?"

"लिखना नहीं, साहब. तस्वीर."

"किसकी?"

आता परक्या पुरुषासमोर, आणि तोही पोलीस, 'माझ्या बायकोची' असं कसं म्हणायचं? मी म्हणालो, "आम की."

अमीन साहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आम पीला होता है," ते म्हणाले, आणि परवानगी नाकारली. एका अर्थी त्यांचं निरीक्षण माझ्याहून चांगलं होतं.

मग मी घरचे रंग केले. काजळ होतं, नीळ होती, गेरू होता, आणि पिवळ्यासाठी अस्सल वसमतची हळद होती. हे सगळं डिंकाच्या पाण्यात कालवलं. लाकडाला पांढरा पाया म्हणून ताज्या भिजवलेल्या चुन्याचा हात दिला. शेजारची चतुराबाई त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्यावर बसायला आली. चतुराबाई वयानं मोठी, आणि आमच्या आळीत मूल कधी न्हाऊ घालायचं इथपासून विहीर कुठं खणायची इथपर्यंत तिच्या शब्दाबाहेर कुणी नसे. चित्रकलेवर तिला आजवर बोलायला मिळालं नव्हतं. ती उणीव तिनं भरून काढली.

"मास्तर, एकच बाई काढली तर दार उघडल्यावर तिचे दोन तुकडे व्हतील की," ती म्हणाली.

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नाकाचा अर्धा भाग एका दारावर आणि अर्धा दुसऱ्यावर, म्हणजे नाकानं पुन्हा दावा साधला असता. तेव्हा मी प्रत्येक दारावर एक अशी द्वारकाबाई दोनदा काढायची ठरवली. बाई कोण, हे अर्थातच चतुराबाईला सांगितलं नव्हतं. मास्तर स्वतःच्या बायकोला दारावर काढतो, हे आळीत कळलं असतं तर मला मागच्या वाटेनं शाळेत जावं लागलं असतं.

द्वारकाबाई सैपाकघराच्या दारात गहू निवडत बसायची, मी चोरून बघायचो आणि काढायचो. पहिल्यांदाच मला कळलं की मी इतकी वर्षं हिच्यासमोर जेवतो, पण हिची उजवी भुवई डावीपेक्षा किंचित वर आहे हे मी पाहिलं नव्हतं. हनुवटीवर एक बारका वण होता. हसू आलं की ती खालचा ओठ दातांत धरायची. मी नाक किती वेळा पुसलं याचा हिशेब नाही. पण एके दुपारी नाक एकाएकी बसलं. मी मागं सरकलो आणि कुंचला खाली ठेवला.

राहिल्या साड्या. दोघींना हळदीनं पिवळ्या साड्या दिल्या. पावसाळी हवा, चुना पुरता वाळलेला नाही. हळद त्याला लागली मात्र, माझ्या डोळ्यांदेखत पिवळ्याचा तांबडा झाला. पदर झाला, निऱ्या झाल्या, दोन्ही साड्या कुंकवासारख्या लालभडक.

"हळदीला चुना लागल्यावर दुसरं काय व्हनार?" द्वारकाबाई आतून म्हणाली. "कुकू असंच करतेत."

कुंकू कसं करतात हे चतुराबाईलाही चांगलं ठाऊक होतं. तिनं जन्मभर घरीच केलं होतं. पण डोळ्यांसमोर चमत्कार होत असताना असल्या बारीकसारीक गोष्टी आठवून तो वाया घालवणाऱ्यांपैकी ती नव्हती. ती उठून उभी राहिली. दोन दारं. दोन बाया. लाल साड्या. भाद्रपद तोंडावर. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि कपाटाला हात जोडले.

"ज्येष्ठा आन् कनिष्ठा! बये, चालत आल्या गं तुझ्या घरी!"

आमच्याकडं रीत अशी की महालक्ष्म्या आपण होऊन घरात आल्या तर त्यांना नाही म्हणायचं नसतं. मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो? ही माझी बायको आहे? आणि असं बघा, माझ्या बायकोला ओळखणारी, तिला रोज पाहणारी ही चतुराबाई तिच्याचकडं तोंड करून हात जोडत होती आणि तिला ती ओळखू येत नव्हती! म्हणजे शबीह आलीच नव्हती. मी तोंड मिटलं.

रात्री जेवताना मी द्वारकाबाईला म्हणालो, "अगं, सांगून टाकू या. ती तू आहेस."

"मी?" ती कपाटाकडं न बघताच म्हणाली. "माझं तोंड काय असं हाय? राहू द्या की. महालक्ष्म्याच बऱ्या." आणि मग हळूच, "औंदा मी वसमतला नाही जानार."

तिचा आवाज असा आनंदानं भरून आलेला मी फार दिवसांत ऐकला नव्हता. कलावंत म्हणून माझा अंत झाला होता, पण नवरा म्हणून मी गप्प बसलो.

आवाहनाच्या दिवशी आळी लोटली. उंबऱ्यापासून कपाटापर्यंत रांगोळीची पावलं निघाली. दोघींना हळदकुंकू लागलं, खऱ्या मोत्याच्या नथी मेणानं चिकटवल्या. तांबडा रंग कुठून आला हे विचारायला अमीन साहेबांचा शिपाईही आला. चतुराबाईनं त्याला सांगितलं, "देवीनं घेतला." त्यानं जोडे काढले, हात जोडले, आणि कपाळाला तो रंग लावून घेऊन चौकशी पुरी केली. शेवटी चतुराबाईनं हळदीत भिजवलेलं सोळा गाठींचं सुताचं पोवतं काढलं आणि दोन्ही दारांच्या कड्यांना मिळून बांधलं.

"आता तिसऱ्या दिवशी पाठवणी होईस्तोवर ह्याला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "दार उघडलं तर महालक्ष्म्या भिंतीकडं तोंड करतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून निरोप आला: मोहतमीम साहेब आले आहेत, सगळ्यांनी शेरवानी घालून हजर व्हावं. शेरवानीशिवाय साहेबांसमोर जाणं म्हणजे तपासणीआधीच नापास होणं. माझी एकुलती एक शेरवानी कुठं होती? नव्या कपाटाच्या हौसेनं द्वारकाबाईनं ती घडी करून आत ठेवली होती. महालक्ष्म्यांच्या पोटात.

"पोवतं जरा सैल करू?" मी विचारलं.

"चतुराबाई जीव घेईल. आन् मी बी."

मग मला कपाटाची पाठ आठवली. मी पक्कड घेऊन सैपाकघरात गेलो, पाठीच्या खालच्या दोन फळ्यांचे खिळे उपसले आणि हात घातला. शेरवानी गाद्यांच्या पलीकडं, पार दारांजवळ. हात पुरेना. डोकं घातलं. डोकं गेलं म्हणून खांदे घातले. शेवटी मी सगळाच आत गेलो आणि वेळ वाचावा म्हणून आतल्या आत शेरवानी चढवायला लागलो. एक बाही गेली असेल नसेल, तोच सैपाकघरात चतुराबाईचा आवाज आला. द्वारकाबाईनं प्रसंगावधान राखून फळ्या लोटल्या आणि त्यांना पिठाचा डबा लावला. बाहेर बैठकीत बाया जमल्या, ताटं आली, धूप पेटला, आरती सुरू झाली. मी माझ्याच बायकोच्या दोन चित्रांच्या पाठीमागं, एका बाहीवर, अंधारात उकिडवा बसलो होतो.

धूप दारांच्या फटीतून आत आला. मी नाक दाबलं. पण नाकाचं आणि माझं वैर जुनं. मी शिंकलो.

आरती थांबली.

"धूप कमी करा गं," चतुराबाई गंभीरपणे म्हणाली. "देवीला तकलीफ होऊन राहिली."

इतक्यात अंगणात जोडे वाजले. "मास्टर घर में हैं क्या?" हा काझीसाहेबांचा आवाज. माझी वाट पाहून ते स्वतः आले होते. आणि त्यांच्यामागून आलेली काठीची ठकठक मी वर्षभर विसरलो नव्हतो. मोहतमीम साहेब!

"मास्तर शाळंत गेलेत," द्वारकाबाई आतून म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नाही.

साहेब उंबऱ्याबाहेरच थांबले असावेत. दारांच्या फटीतून मला त्यांचा चष्मा तेवढा दिसत होता, आणि तो चष्मा कपाटावरून हलत नव्हता.

"ये किसने बनाया?"

"मास्तरांनी," चार बाया एकदम म्हणाल्या. "महालक्ष्म्या हायेत आमच्या."

"अच्छा है," साहेब सावकाश म्हणाले. "बहुत अच्छा है. मगर काझीसाहब, देवी का चेहरा कौन देखा है? जैसा बनाओ, वैसा सही. हमकू शबीह होना. जीते इन्सान की. यहाँ किसकू मिला के देखें?" काठी पुन्हा वाजली. ते वळले होते.

बाहेर येऊन ओरडावं, तर महालक्ष्म्यांचं पोट फाडून मास्तर बाहेर आला असं होणार. आणि ओरडून तरी काय सांगू? माझी बायको आहे म्हणू? शेजारणीला जी ओळखू आली नाही, ती साहेबांना काय पटणार? माझी नोकरी त्या काठीच्या आवाजाबरोबर अंगण ओलांडून चालली होती.

तेवढ्यात माझ्या पाठीमागं डबा सरकल्याचा आवाज झाला, आणि मग बांगड्या वाजल्या. द्वारकाबाई बैठकीत गेली होती. सगळ्या आळीसमोर, परक्या साहेबांसमोर. फटीतून मला तिचा खांदा दिसला. ती कपाटाच्या उजव्या दाराला लागून उभी राहिली, आणि तिनं डोक्यावरचा पदर हातानं मागं सारला.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "ती मीच हाय. मालकानं माझंच तोंड काढलंय."

तिनं एका वाक्यात तिच्या महालक्ष्म्या घालवल्या होत्या. इतक्या वर्षांनी घरी आलेल्या, एका दिवसाच्या. मला कपाट फोडून बाहेर यावंसं वाटलं. डोळे भरून आले, आणि ते धुपानं नव्हे.

काठीची ठकठक परत आली. चष्मा चित्रावर, मग द्वारकाबाईवर, मग चित्रावर. "भवां देखो," साहेब काझीसाहेबांना म्हणाले. "सीधे हाथ वाली जरा ऊपर. और ठुड्डी का निशान! हौ, बराबर. एकदम बराबर." मग आवाज चढवून, "ये मास्टर तो मुस्तकिल हो गया! कहाँ है वो?"

हजेरीला उत्तर देणं ही शाळेतल्या माणसाची जन्माची खोड. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हाजिर, जनाब!"

एक बाई किंचाळली. एकीच्या हातून ताट पडलं. मी पाठीच्या फळ्या लाथाडल्या, पिठाचा डबा कलंडला, मी चिरलेल्या सोळा भाज्यांच्या परड्यांमधून वाट काढली आणि एका बाहीत शेरवानी, दुसरी बाही पाठीवर, अंगभर पीठ, अशा थाटात बैठकीत येऊन साहेबांना सलाम केला. साहेबांनी मला पाहिलं, कपाटाला पाहिलं, पोवत्याच्या गाठी पाहिल्या. हा माणूस आत कसा गेला, हे विचारायचं त्यांनी मोठ्या मनानं टाळलं. काझीसाहेब पुढं आले आणि पिठासकट माझा हात धरून त्यांनी तो जोरात हलवला.

पण माझं लक्ष चतुराबाईकडं होतं. साऱ्या बाया तिच्याकडंच बघत होत्या. आपण काल दिवसभर मास्तराच्या बायकोला नैवेद्य दाखवत होतो, हे प्रत्येकीच्या चेहऱ्यावर उमटत चाललं होतं. द्वारकाबाई मान खाली घालून उभी. चतुराबाई पुढं झाली. तिनं द्वारकाबाईची हनुवटी धरून चेहरा वर उचलला, कपाटाकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं.

"काहून टकामका बघून राहिल्या गं?" ती बायांवर डाफरली. "महालक्ष्मी येते ती कुणाचं तरी तोंड घेऊनच येते. औंदा हिचं घेतलं. आपलं काय वाईट झालं? आना ते कुकू इकडं."

तिनं कुंकवाचं बोट आधी एका दाराला लावलं, मग दुसऱ्या दाराला आणि तिसरं द्वारकाबाईच्या कपाळाला. आरती राहिली होती तिथून पुढं सुरू झाली. साहेब अंगणात टोपी सारखी करत उभे होते, त्यांनाही पुरणपोळी गेली. एक खाऊन त्यांनी दुसरी मागून घेतली.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं बैठकीत जेवायला बसलो. नोकरी पक्की झाली होती, महालक्ष्म्या घरच्या झाल्या होत्या, तरी एक शंका माझी पाठ सोडेना. चतुराबाईला इतके दिवस जी ओळखू आली नाही, ती साहेबांना कशी आली? आणि हिनं तर त्या रात्री चित्राकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

"खरं सांग," मी म्हणालो. "खरंच तुझ्यासारखी आलीय का? की माझी नोकरी राहावी म्हणून बोललीस?"

ती पोळीवर तूप सोडत होती. हात थांबला. ती उठली, समई थोडी कपाटाकडं सरकवली आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच त्या दोघींकडं नीट, खूप वेळ बघत उभी राहिली. मग खालचा ओठ दातांत धरून माझ्याकडं वळली.

"मनातून खात्री नसती," ती म्हणाली, "तर मी पदर काहून सारला असता?"

मग ती परत पाटावर येऊन बसली आणि मला आणखी एक पोळी वाढली.